एकदाच लिहायचं

"हासुद्धा वाकडाच आहे," ताई म्हणाल्या.

कॉम्प्युटरवाल्यानं टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. वायरी जोडता जोडता त्याची कंबर धरली होती. सकाळपासून त्यानं बदललेला हा दुसरा मॉनिटर.

"आता काय वाकडं आहे, ताई?"

"या रेघा हो. शीटच्या उभ्या रेघा. मधोमध अशा आत गेल्यात, कुणी चिमटीत धरून ओढल्यासारख्या. तुम्हाला दिसत नाही?"

त्यानं स्क्रीनजवळ नाक नेऊन पाहिलं, लांब जाऊन पाहिलं, मग काही न बोलता ताईंच्या खणातली पट्टी उचलून रेघेवर लावली. "बघा. सरळ आहे."

ताईंनी पाहिलं. पट्टीसुद्धा वाकडी होती.

त्यांनी दोन धडधाकट मॉनिटरांना उगाच नावं ठेवली म्हणून त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर हळूच एकेक डोळा झाकून पाहिला. उजवा झाकला तर रेघा सुतासारख्या सरळ. डावा झाकला की वाकड्या, आणि बरोबर मध्ये, जिथे आकडा असायला हवा, तिथे राखाडी डाग.

डोळ्यांचे डॉक्टर अघळपघळ बोलणारे नव्हते. "उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक पडलंय. बारीक आहे, पण वाढेल. ऑपरेशन करायचं आणि लवकर करायचं. जितका उशीर, तितकी नजर परत यायची आशा कमी. डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतो, तो पडदा दाबून धरतो. त्यासाठी काही दिवस पालथं झोपायचं. बसताना, जेवताना, चालताना मान खाली. आणि बुडबुडा विरेपर्यंत कॉम्प्युटर विसरायचा."

"विसरायचा म्हणजे किती?"

"महिना धरून चाला. दीडही लागेल."

ताईंनी तारीख घेतली आणि ती जवळ आल्यावर फोन करून पुढे ढकलली. नवऱ्यापाशी म्हणाल्या, "कामाचा जरा गोंधळ आहे." नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. लोक दोन मजल्यांच्या मध्ये अडकून बोंबलत असताना शांतपणे पाना फिरवायची त्याला सवय होती, त्यामुळे तो सहसा चिडत नसे. त्या दिवशी मात्र चिडला.

"अगं, डोळा आहे तो! बल्ब नाही, गेला की दुसरा लावायला."

"अहो, पण शनिवारी शीट कोण काढणार?"

"झालं! घरात माणसं दोन, पण शनिवारी जेवायला बसतो तिघं. तू, मी आणि तुझा तो मॅक्रो."

हा मॅक्रो म्हणजे ताईंचा जीव की प्राण. ताई डायलिसिस सेंटरच्या काउंटरवर बसत. ज्यांची मूत्रपिंडं काम करत नाहीत अशी माणसं आठवड्यातून तीनदा तिथे येत, चार तास खुर्चीत पडून राहत आणि मशीन त्यांचं रक्त धुऊन परत देई. मशीनं नऊ, पाळ्या तीन, माणसं पुष्कळ. कुणाला कुठल्या दिवशी, कुठल्या पाळीला, कुठल्या मशीनवर बसवायचं, याचं वेळापत्रक पूर्वी ताई हातानं मांडत तेव्हा त्यांच्या नाकी नऊ येत. मग त्यांनी कुठेसं पाहिलं की कॉम्प्युटरला एकदा काम करून दाखवलं की तो ते ध्यानात ठेवतो आणि बटण दाबलं की पुन्हा करून दाखवतो; याचंच नाव मॅक्रो. ताईंनी एक नंबरच्या मशीनचं वेळापत्रक मांडलं, कॉम्प्युटरनं ते मुकाट्यानं आपल्या भाषेत, कोडात, टिपून घेतलं. मग तोच कोड उचलून ताईंनी खाली चिकटवला आणि एकच्या जागी दोन केलं. पुन्हा चिकटवला, तीन केलं. असं करत नवापर्यंत गेल्या. त्या दिवशी घरी जाताना आपण विमान उडवून आलो असं त्यांना वाटलं होतं.

आणि खरंच, ते चाललं. वर्षानुवर्षं चाललं. दर शनिवारी दुपारी ताई बटण दाबत, शीट थरथरे आणि पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक हजर. शिवाय प्रत्येक पेशंटच्या नावाची चिठ्ठी. कुणी म्हणालं, "ताई, मला खिडकीशी द्या," की ताई कोडात एक ओळ घालत. दुसरा म्हणे, "मला बाथरूमजवळ." आणखी एक ओळ. कुणाचं कुणाशी पटत नाही, म्हणून दोघांना लांब ठेवायची ओळ. सेंटर सांभाळायला नव्या मॅडम आल्या, त्यांनी एकदा तो कोड उघडून पाहिला आणि विंचू दिसावा तसा बंद केला. "ताई, याला तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही," असं म्हणाल्या. ताई त्या वाक्यावर कितीतरी दिवस जगल्या. खोटं कशाला बोला, कौतुक करावं अशी मुलंबाळं घरात नव्हती; कौतुक म्हणून जे काही वाट्याला आलं ते असं.

तर दुसरी तारीख दहा दिवसांवर आली होती आणि तीही ढकलायचा ताईंचा विचार पक्का होत होता. तेवढ्यात पाण्याचा प्लांट आडवा आला.

डायलिसिसला शुद्ध पाणी लागतं, धो धो लागतं. त्या प्लांटची सफाई करायला दर गुरुवारी संध्याकाळची पाळी बंद ठेवायचं ठरलं आणि गुरुवारच्या संध्याकाळचे सगळे पेशंट शुक्रवारवर ढकलले. ताईंनी कोड उघडला. एक नंबरच्या तुकड्यात गुरुवार काढून शुक्रवार केला. दोनच्या तुकड्यात केला. तीनच्या. तेच तेच, तेच तेच. डाव्या डोळ्यानं पाहत, मान तिरकी करत, शेवटी एकदाचं संपवलं आणि बटण दाबलं.

गुरुवारी संध्याकाळी सेंटर रिकामं होतं. प्लांटचे पाइप जमिनीवर उघडे पडलेले. ताई पर्स काखोटीला मारून निघाल्याच होत्या, तोच टॅक्सी दारात थांबली आणि हेडबाई उतरल्या. कधीकाळी मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सगळे त्यांना हेडबाईच म्हणत. पाय सुजून चपलेबाहेर आलेले, दोन पायऱ्या चढल्या आणि भिंत धरून उभ्या राहिल्या.

"बाई, आज कशा आलात?" ताई पुढे धावल्या. "आज बंद आहे."

हेडबाईंना बोलवत नव्हतं. त्यांनी हातातली चिठ्ठी पुढे केली. मशीन सात, गुरुवार, संध्याकाळ.

पुढचं सगळं ब्रदरनं निभावलं. ब्रदर म्हणजे सेंटरमधले पुरुष नर्स. दाराएवढा उंच माणूस, आवाज मोठा, हात मऊ. त्यांनी बाईंना व्हीलचेअरमध्ये घेतलं, ऑक्सिजन लावला, मॅडमना फोन केला, प्लांटवाल्याला आधी दरडावलं, मग हातापाया पडले. पाइप जोडून पाणी सुरू होईपर्यंत हेडबाई धापा टाकत बसून होत्या आणि ताई त्यांची पाठ चोळत शेजारी उभ्या होत्या. दुसरं काही करण्यासारखं त्यांच्या हातात नव्हतं.

मशीन सुरू झालं, बाईंचा श्वास हळूहळू जागेवर आला, तशी त्यांनी ताईंना बोटानं जवळ बोलावलं.

"चूक सापडली का?" अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"सापडली, बाई. नऊ ठिकाणी बदलायचं होतं. सातव्या ठिकाणी राहून गेलं."

"मग आता पुन्हा होणार नाही ना?"

ताईंनी तोंड उघडलं. "नाही होणार" एवढंच म्हणायचं होतं, आणि ते त्यांना म्हणता येईना. उद्या आणखी काही बदलायचं ठरलं तर पुन्हा नऊ ठिकाणी बदलायचं, आणि एक डोळा तर रोज थोडा थोडा मिटत चाललेला. बाई वाट पाहत होत्या. ताईंना रडू फुटलं.

"अहो, रडता काय," हेडबाई म्हणाल्या. "मी काही मेले नाही अजून."

बाहेर बाकावर बसून ताईंनी ब्रदरना सगळं सांगितलं. भोक, बुडबुडा, ढकललेली तारीख, सगळं. ब्रदरनी दोन्ही हात डोक्याला लावले.

"ताई, तुम्ही पण कमाल करता हो! इथे कुणी पेशंट एक दिवस चुकवतो म्हणाला तर तुम्ही त्याला फाडून खाता. आणि स्वतः?"

"पण शीट कोण काढणार, ब्रदर?"

"मी काढतो. शिकवा मला."

"तुम्हाला एका बोटानं टाइप करता येतं."

"मग एका बोटाला जमेल असं करा ना!"

बोलायला ते बोलून गेले, पण ताईंच्या डोक्यात ते नीट जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या पाळीचे पेशंट मशीनवर लागून स्थिरावले की ब्रदर काउंटरमागे येऊन बसायचे. खुर्ची त्यांना पुरायची नाही. ताईंना स्क्रीनकडे फार वेळ पाहवत नव्हतं, म्हणून ब्रदर कोड वाचून दाखवणार आणि ताई त्याचा अर्थ सांगणार, असं ठरलं.

ब्रदर वाचायला लागले. "स्क्रीन खाली कर. आणखी खाली कर. वर कर. अमुक चौकोन निवड. त्याला पिवळा रंग दे. रंग काढ. हे काय आहे, ताई?"

ताईंनी जीभ चावली. पहिल्यांदा करून दाखवताना त्या भांबावल्या होत्या. स्क्रीन खालीवर केली होती, चुकून भलत्याच चौकोनाला रंग दिला होता आणि तो पुसला होता. कॉम्प्युटरनं इमानेइतबारे तेही टिपलं होतं आणि इतकी वर्षं दर शनिवारी तो ताईंची ती तारांबळ जशीच्या तशी करून दाखवत होता. आणि तीही नऊ वेळा.

"म्हणून थरथरायची होय ती शीट!" ब्रदर इतके मोठ्यानं हसले की आतून एक पेशंट ओरडला, "आम्हाला पण सांगा की!"

दोन नंबरचा तुकडा वाचून झाला. तीनचा सुरू झाला. चौथ्याच्या निम्म्यात ब्रदर थांबले. "ताई, मी वाचतोय की पाढे म्हणतोय? हे तर तेच आहे."

"तेच आहे," ताई म्हणाल्या.

तेच आहे हे त्यांना आज कळलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वीच कळलं होतं. काम एकदाच लिहायचं, मशीनचा नंबर तेवढा बाहेरून द्यायचा आणि कॉम्प्युटरला सांगायचं की एकपासून नवापर्यंत हेच कर. हे त्यांनी वाचलं होतं, मनात मांडूनही पाहिलं होतं. पण केलं नाही. दर वेळी स्वतःला सांगितलं, चालतंय ना, कशाला हात लावा. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांना ब्रदरच्या आवाजात तेच तेच ऐकताना स्वच्छ समजलं. तो गुंता त्यांचा होता. त्यात दुसऱ्या कुणाला वाट सापडत नव्हती, आणि तेच त्यांना हवं होतं. त्यांचा चेहरा कानापर्यंत तापला.

"नवी शीट उघडा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून लिहू."

ताई सांगत, ब्रदर एका बोटानं लिहीत. मोठ्या कामाचे चार छोटे तुकडे केले आणि प्रत्येकाला तो करतो त्याच कामाचं नाव दिलं: आठवडा मांड, खुर्ची दे, पेशंटची गरज बघ, चिठ्ठी छाप. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर एक हिरवी ओळ. ही ओळ कॉम्प्युटर वाचत नाही, माणसांसाठीच असते. ताईंनी आजवर तशी एकही लिहिली नव्हती, कुणासाठी लिहायची? आता ब्रदर विचारत, "इथे काय लिहू?" आणि ताई म्हणत, "तुम्हाला उद्या वाचून कळेल असं लिहा." ब्रदरनी लिहिलं: मशीनला सुट्टी द्यायची असेल तर इथे. दुसरीकडे कुठे हात लावू नये.

खिडकी, बाथरूम, भांडणं हे सगळं मात्र कोडातून उचलून वेगळ्या शीटवर न्यायचं ठरलं. एका माणसाची एक ओळ. गरज बदलली की शीटवर बदलायची, कोड उघडायचाच नाही. त्यासाठी जुन्या कोडातल्या ओळी एकेक करून काढायच्या होत्या. ब्रदर वाचत, ताई म्हणत, "आहेत, शीटवर घ्या."

"ट्रकवाले काका, दाराजवळ," ब्रदरनी वाचलं आणि मान वळवून ताईंकडे पाहिलं.

ट्रकवाले काका गेल्याला दोन हिवाळे झाले होते. त्यांना बंद खोलीत जीव घुसमटल्यासारखं व्हायचं, दार दिसलं पाहिजे म्हणायचे. ते गेले तरी त्यांची ओळ काढायचं ताईंच्या लक्षात आलं नव्हतं. की आलं होतं आणि काढवली नव्हती, देव जाणे. दर शनिवारी कॉम्प्युटर काकांना शोधायचा. सापडायचे नाहीत, मग पुढे जायचा.

"काढू, ताई?"

"काढा."

पुढे आणखी निघाले. विणकाम करणाऱ्या आजी, उजवा हात मोकळा. कॉलेजातली मुलगी, परीक्षेच्या दिवसांत सकाळ. तिची ओळ आली तेव्हा ब्रदरनी कीबोर्डवरून हात उचलला आणि खिशातून रुमाल काढला.

"ही गेली नाही हो," ताई घाईघाईनं म्हणाल्या. "हिला किडनी मिळाली. नोकरीला आहे आता. मागे फोन आला होता."

"मग आधी सांगायचं ना! मी इकडे रडायला लागलो." ब्रदरनी नाक पुसलं आणि तिची ओळ अगदी आनंदानं खोडली.

एकेकाची आठवण काढत, एकेक ओळ काढत दोन दुपारी गेल्या. कोड केवढासा उरला. पूर्वी खाली सरकवता सरकवता बोट दुखायचं, आता पाच-सहा स्क्रीनमध्ये संपत होता. ताईंना बरं वाटलं, आणि घरातलं सामान हलवल्यावर खोली मोकळी दिसते तसं ओकंओकंही वाटलं.

मग बटण दाबलं. शीट जराही थरथरली नाही; वेळापत्रक क्षणात समोर. ब्रदर निरखून पाहू लागले.

"ताई, सगळे पेशंट एक नंबरच्या मशीनवर."

"काय?"

"सगळे. सोमवार सकाळ, एक नंबरवर नऊ माणसं. एकमेकांच्या मांडीवर बसवायची का?"

ताईंनी कपाळाला हात लावला आणि मग दोघंही पोट धरून हसले. जिथे मशीनचा नंबर यायचा तिथे ताईंनी सवयीनं "एक" सांगून टाकलं होतं. ब्रदरनी ते शोधलं, बदललं, पुन्हा बटण दाबलं. या वेळी सात नंबर दुरुस्त केलेल्या जुन्या मॅक्रोचं वेळापत्रक एका बाजूला आणि नव्याचं दुसऱ्या बाजूला ठेवून दोघांनी एकेक नाव ताडून पाहिलं. जुळलं. सात नंबरलाही हेडबाई शुक्रवारी आल्या होत्या.

"आता खरी परीक्षा," ताई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात दहावं मशीन येणार आहे. समजा, ते आज आलं. मी इथे नाही. तुम्ही काय कराल?"

"तुम्ही कुठे असाल?"

"पालथी."

ताई उठून बाहेर पेशंटच्या बाकावर जाऊन बसल्या. काचेतून ब्रदरची पाठ दिसत होती. पूर्वी दहावं मशीन म्हणजे पुन्हा एक अख्खा तुकडा चिकटवणं आणि त्यातला प्रत्येक नऊ शोधून दहा करणं; ताईंची सबंध दुपार गेली असती. ब्रदर मान खाली घालून वाचत होते. आता अडकतील, ताईंना वाटलं. आता वळून बघतील. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. दुसऱ्या कुणाला तरी वाट सापडावी म्हणून केलेली सगळी खटपट, आणि आतून एक मन मात्र म्हणत होतं, बघू दे की एकदा मागे वळून.

ब्रदर वळले नाहीत. चहा थंड व्हायच्या आत ते दारात येऊन उभे राहिले, दोन्ही हात वर करून, कुस्ती जिंकल्यासारखे.

"एकच आकडा, ताई! हिरवी ओळ वाचली, नऊचे दहा केले, बटण दाबलं. झालं!"

"वा!" ताई म्हणाल्या. त्यांना मनापासून आनंद झाला. आणि त्याच वेळी काहीतरी हातचं गेल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम कसं होतं कोण जाणे, पण झालं. "वा, ब्रदर," त्या पुन्हा म्हणाल्या आणि तारीख पक्की करायला डॉक्टरांना फोन लावला.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतरचे दिवस मात्र सत्त्वपरीक्षेचे. नवऱ्यानं कुठून तरी मसाजवाल्यांकडचं तोंडासाठी भोक असलेलं टेबल पैदा केलं होतं. ताई त्यावर पालथ्या पडून राहायच्या आणि त्यांना जग म्हणजे जमिनीचा एक तुकडा आणि त्यावरून जाणारे नवऱ्याचे पाय एवढंच दिसायचं, तेही डाव्या डोळ्यानं. तो जमिनीवर बसून, खालून वर बघत त्यांना नळीनं सूप पाजायचा.

"लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्यासारखं वाटतं," तो म्हणायचा. "फक्त वर लिफ्टच्या जागी बायको."

शनिवार आला तशा ताई अस्वस्थ झाल्या. दुपार झाली. फोन वाजला नाही. त्यांनी दोनदा विचारलं, "फोन चालू आहे ना हो?"

"चालू आहे."

"आवाज मोठा आहे ना?"

"अगं, आहे!"

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा त्यांना राहवेना. त्यांनी नवऱ्याला नंबर लावायला लावला आणि फोन टेबलाखाली धरायला सांगितलं.

"ब्रदर, शीट?"

"काढली की! दुपारीच काढली, चिठ्ठ्या गेल्या. ताई, मी बसमध्ये आहे, घरी चाललोय. तुम्ही पालथ्या आहात ना?"

"हो."

"मग पालथ्याच राहा," ब्रदर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ताईंच्या डोळ्यातून टपकन थेंब खाली पडला. नवऱ्याच्या मनगटावरच पडला.

"ए, रडायचं नाही हं! टाके आहेत."

"रडत नाहीये."

"मग वरचा मजला गळतोय वाटतं," तो म्हणाला आणि त्यानं शर्टाच्या बाहीनं मनगट पुसलं. मग बराच वेळ तो तिथेच जमिनीवर बसून राहिला, ताईंचा लोंबणारा हात हातात धरून. दुसऱ्या शनिवारी त्यांनी फोन केला नाही. तिसऱ्या शनिवारी तर आज शनिवार आहे हे त्यांना रात्री जेवताना आठवलं.

बुडबुडा आकसत आकसत एक दिवस नाहीसा झाला. डॉक्टरांनी तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली आणि ताई खालून तिसऱ्या ओळीपर्यंत पोचल्या. "भोक बुजलंय," डॉक्टर म्हणाले. "अगदी पूर्वीसारखं दिसणार नाही. पण कामापुरतं नक्की दिसेल, आणि अजून सुधारेल." त्यांच्या तोंडून एवढं बोलणं म्हणजे पुष्कळच झालं.

ताई कामावर रुजू झाल्या तो सोमवार होता. लवकरच पोचल्या. काउंटरवर त्यांची खुर्ची जरा मागे सरकवलेली होती, ब्रदरच्या गुडघ्यांसाठी. भिंतीजवळ दहावं मशीन येऊन उभं होतं, नवं कोरं, आणि त्याच्या खुर्चीत एक अनोळखी बाई होती. ताईंनी कॉम्प्युटर सुरू केला. गरजांच्या शीटवर खाली पाच नव्या ओळी होत्या. ताईंना त्यातलं एकही नाव माहीत नव्हतं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: दहा नंबर, पायाला थंडी वाजते, जाड चादर. आणि कोडात चिठ्ठीच्या तुकड्याखाली एक पाचवा छोटासा तुकडा होता, ताईंनी न लिहिलेला. जे पेशंट आदल्या वेळेला आले नाहीत त्यांची नावं तो वेगळी काढून देत होता. वर हिरवी ओळ होती: फोन करून विचारायचं, का आले नाहीत.

ताईंनी तो दोनदा वाचला. काही चुकलं नव्हतं. त्यांना तरी याहून कमी ओळींत लिहिता आलं नसतं.

त्यांनी कपाटातून जाड चादर काढली आणि त्या दहा नंबरपाशी गेल्या. बाईंच्या पायांवर चादर पसरली, कडा आत खोचल्या. बाई त्यांच्याकडे निरखून पाहत होत्या.

"तुम्ही नवीन का हो इथे?" बाईंनी विचारलं. "घाबरू नका. काही अडलं तर ब्रदरना विचारा. फार छान समजावून सांगतात."

ताईंनी चादरीची एक सुरकुती हातानं सारखी केली.

"हो," त्या म्हणाल्या. "विचारीन."